बाईच्या पंचमासाठी एक तार

माघातल्या दुपारी सागाचे वाळके पान फांदीवरून सुटले की खाली येईपर्यंत दोनतीनदा कूस बदलते, आणि जमिनीला टेकताना असा आवाज करते, की शेजारच्या खोलीत कुणी भाजलेला पापड ताटात ठेवला असे वाटावे. एटापल्लीला बाईच्या अंगणात बसले म्हणजे असे पापड दिवसभर वाढले जातात. वर निरभ्र, किंचित पांढुरके आकाश. कुंपणापलीकडे निष्पर्ण होत चाललेल्या सागांच्या सरळ रांगा. चुलीतल्या धावड्याच्या लाकडाचा कडवट-गोड धूर. आणि या सगळ्याच्या मधोमध, चिंचेखालच्या खाटेवर, पन्नाशीला आलेला आणि पोटावर व्हायोलिन टेकवण्याची निसर्गदत्त सोय झालेला मी. त्या दुपारी माझ्यापुढे एकच प्रश्न होता, आणि जगाच्या दृष्टीने तो इतका क्षुल्लक होता की कुणाला सांगायचीही चोरी : व्हायोलिनला पहिली तार कोणती लावावी?

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला नावाने हाक मारत नाहीत. ती जन्मभर बाई, आणि आपण केस पिकले तरी तिच्या लेखी नाक पुसता न येणारे पोर. आमचे मूळ गाव वैनगंगेच्या काठाला, झाडीपट्टीत. तिकडे धान कापून घरात आले की गावोगाव मांडव पडतात आणि होळीपर्यंत नाटके चालतात. इतर प्रांतांतली माणसे हंगामात तीर्थयात्रेला जात असतील, आमची नाटकाला जातात. बाई लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षे त्या मांडवांत गायली. नाटकात तिची भूमिका काहीही असो, नांदी तिची.

आणि नांदीच्या आधी आमच्याकडे एक रिवाज आहे. पेटीवाला मान वळवून, मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात विचारतो, ‘‘बाई, सूर?’’ गाणारीनेही तितक्याच मोठ्याने सांगायचे. पहिल्या रांगेतली म्हातारी मंडळी, ज्यांना दिसत नाही म्हणून पुढे बसवलेले असते पण ऐकू मात्र नको तितके येत असते, ती या उत्तरावरून गाणारीची पत ठरवतात. बाई म्हणे, ‘‘काळी चार!’’ आणि पहिल्या रांगेत पानाच्या चंच्या समाधानाने उघडल्या जात. पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली ती चौथी. ज्यांना यातले काही कळत नाही त्यांनी इतकेच समजावे, की हा षड्ज धरून बाई वरच्या सप्तकात शिरली म्हणजे मांडवाच्या कनाती ताणल्यासारख्या वाटत. तिच्या नांदीत शेवटच्या चरणाआधी एक जागा होती, तार पंचमाची. बाई तिथे चढून जाई आणि, घाटमाथ्यावर पोहोचलेला माणूस जसा एकदा मागे वळून रस्ता पाहतो, तशी क्षणभर थांबून राही. आमच्या पंचक्रोशीत तिला ‘काळी चारची बाई’ म्हणत. पुढे भाऊजींची बदली एटापल्लीच्या आश्रमशाळेवर झाली, ते तिथेच निवृत्त झाले, तिथेच गेले; बाई मात्र तिथेच राहिली.

मग तिच्या गळ्याच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. सगळे नीट पार पडले, पण आवाज परत आला तो बराच काळ परगावी राहून आलेल्या माणसासारखा : ओळखीचा, तरी थोडा जाड झालेला, थोडा दबकणारा, आणि तीन पट्ट्या खाली उतरलेला. काळी चारऐवजी आता पांढरी चार. बाईने एकदा देवापुढे बसून तो तपासून पाहिला आणि गाणे बंद केले. त्याविषयी ती बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे आम्ही कुणी विचारायचे नाही, हाही आमच्या घरातला एक रिवाजच.

नव्वदीचे दशक सरत आले होते. गावच्या नाट्यमंडळाने फाल्गुनात एका दुपारी जुन्या कलावंतांचा सत्कार ठरवला आणि बाईला निरोप धाडला, की शाल-नारळ तर आहेच, पण नांदी तुम्हीच म्हणायची. मी राजुऱ्याला होतो. बाईचा फोन शेजारच्या दुकानात आला. कोळशाचे ट्रक रस्त्यावरून जात होते, त्यामुळे मी एका कानात बोट घालून उभा होतो.

‘‘शाल घेईन, नारळ घेईन, बसून राहीन,’’ बाई म्हणाली. ‘‘गानं नाई.’’

‘‘काऊन?’’

‘‘सूर इचारतीन ना रे! साऱ्या गावासमोर काय सांगू? पांढरी चार? पहिल्या रांगेतले बुढे तोंडात तमाखू धरून एकमेकाकडे पाहतीन. मेलं बरं त्यापेक्षा.’’ मग एक ट्रक जाईपर्यंत ती थांबली, आणि हळूच म्हणाली, ‘‘म्हनावं तं वाटते, बाबू. लय वाटते.’’

‘वाटते’ हा शब्द तिने असा उच्चारला, की मी दुकानदाराच्या बरण्यांकडे उगीच पाहत राहिलो. मग एकदम मोठेपणाने म्हणालो, की बाई, तू काळजी करू नको, मी व्हायोलिन धरतो. पेटीवाल्याने तोंड उघडायच्या आत मी तारेवर सूर देऊन टाकीन. सूर कानावर पडल्यावर कोण विचारतो? आणि मी तो असा लखलखीत देईन की पांढरी चार आहे हे कुणाच्या बापाला कळणार नाही.

‘‘तू देशीन,’’ बाई म्हणाली. ‘‘पन तुही ते वरची तार? ते कानात सुई घालते रे.’’

आता माझ्या वादनाविषयी थोडे सांगितले पाहिजे, थोडेच आहे. मी वनखात्याच्या डेपोत लाकूड मोजण्याच्या कामावर. सागाचा ओंडका ठोकला की तो आतून पोकळ आहे की भरीव, हे मला आवाजावरून कळते, आणि या एका गुणाच्या बळावर मी आयुष्यभर आपला कान अचूक असल्याचा तोरा मिरवत आलो. व्हायोलिन मी तरुणपणी मिशनच्या शाळेतल्या एका मास्तरांकडे शिकलो आणि त्यांची बदली झाल्यावर, त्यांना दोष लागू नये म्हणून, उरलेले स्वतःच शिकलो. डावी बोटे बरी पडतात. उजव्या हातातला गज मात्र अजूनही मधूनमधून लाकूड कापल्यासारखा चालतो, ही माझ्या पत्नीची, कुंदाची, टीका आहे आणि ती व्यवसायाला धरून असल्यामुळे मी तिच्यावर रागावू शकत नाही.

व्हायोलिनच्या चार तारांत पहिली सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत वरच्या सुराची. इंग्रज तिला ‘ई’ म्हणतात. बाकीच्या तिघी पोटावर बारीक पट्टी गुंडाळलेल्या, संसारी बायकांसारख्या. ही एकटी उघडी, पोलादाची, सडपातळ आणि तोंडाळ. बोट ठेवून वाजवली तर निदान ऐकते. मोकळी वाजवली की जे काय पोटात असेल ते बोलून टाकते. गज जरा तिरका पडला, की सूर सोडून शीळ घालते. आणि बाईच्या पट्टीला वाद्य लावले, तर ही मोकळी तार नेमकी तिच्या तार पंचमावर येत होती. म्हणजे जिथे बाईचा गळा पणाला लागणार, तिथेच माझी ही तोंडाळ तार तिच्या शेजारी उभी राहणार. ती कशी बोलते, यावर सगळे अवलंबून होते.

‘‘शिलाई मशीनचा पट्टा तुटून दोन महिने झाले,’’ मी चंद्रपूरला निघालो तेव्हा कुंदा दारात उभी राहून म्हणाली, ‘‘त्याच्यासाठी कधी पाय उचलला नाई. अन् एका तारेसाठी कसे इस्त्री करून निघाले पाहा!’’

चंद्रपूरच्या किल्ल्याच्या एका दरवाज्याजवळ सलीमभाईंचे दुकान होते. लग्नाच्या बॅंडांची पितळी वाद्ये, ढोलकीची पाने, पेट्यांचे भाते, आणि या सर्वांवर लाख, सरस नि जुन्या चामड्याचा मिळून एक उबदार वास. पौषातले ऊन तिरपे येऊन एका तुतारीच्या तोंडात साठले होते. सलीमभाई गिऱ्हाइकाला कधी ‘नाही’ म्हणत नसत आणि कुठल्याही वस्तूला ‘बरी’ म्हणत नसत. त्यांच्याकडचे सगळेच सर्वोत्तम असे.

‘‘भाऊ, हे देखा,’’ त्यांनी पुडक्यातून एक तार अशी काढली की जणू सापाला दचकवायचे नाही. ‘‘सोन्याचं पानी हाये याच्यावर. एकदम विलायती. याच्यावर गज फिरवला का मधमाशी बी थांबून इचारते, कोन गाऊन राह्यलं म्हून!’’

दुकानात एक व्हायोलिन टांगलेले होते, चर्चच्या वाद्यवृंदासाठी इंग्रजी पद्धतीने लावलेले. त्यांनी तार त्यावर चढवली, खुंटी पिळली, आणि मी गज फिरवला. खरेच, काय सांगू! बारीक, सोनसळी, कडेला कुठे करवत नाही असा सूर. सुईचे टोक मोडून तिचा मोत्याचा दाणा करावा तसा. मी लाकूड ठोकणाऱ्या माणसाच्या सगळ्या अधिकाराने मान हलवली, तार पुन्हा वेटोळी करून घेतली, सोबत बॅंडवाले वापरतात ती साधी तारही घेतली, आणि एखादा किल्ला सर केल्यासारखा बाहेर पडलो. मशीनचा पट्टा अर्थातच विसरलो.

सुटी मिळून एटापल्लीला निघेपर्यंत माघ लागला होता. गडचिरोलीहून पुढे बस रिकामी होत जाते आणि रान भरत जाते. आलापल्लीच्या पलीकडे एका नाक्यावर पोलिसांनी बस थांबवली. त्या दिवसांत ते नित्याचेच होते. माझ्या मांडीवरची काळी, लांबट पेटी पाहून जवान थबकला.

‘‘इसमें क्या है?’’

‘‘व्हायोलिन.’’

‘‘बजाओ.’’

उतारूंच्या साक्षीने, नुसत्याच सैल पडलेल्या जुन्या तारांवर मी यमनाचे दोन सूर काढले. जवानाने हात वर केला. ‘‘ठीक है, ठीक है. बंद करो.’’ मागच्या बाकावरची एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईलसे म्हणाली, ‘‘जाऊ द्या बिचाऱ्याले, साहेब. जुनं झालं असन त्याचं.’’ तिने वाद्याविषयी म्हटले की माझ्याविषयी, याचा विचार करत मी उरलेला प्रवास केला.

बाईने मला पाणी दिले, गूळ दिला, मी वाळलो म्हणाली, जे धादांत खोटे होते, आणि चुलीपाशी जाऊन बसली. तारेविषयी तिने काही विचारले नाही. पण नांदीला अवघा महिना उरला होता, आणि ती भाकरी थापताना मधेच हात थांबवून अंगणाकडे कान देत होती, हे मला दिसत होते. मी सोनेरी तार चढवली. आधी, केवळ हौसेने, सलीमभाईंच्या दुकानातल्यासारखी इंग्रजी सुराला आणली. चिंचेखाली मोत्याचा दाणा पुन्हा घरंगळला.

‘‘बापा!’’ चुलीपासून आवाज आला. ‘‘हे तं गोड हाये रे. आता माह्या सुरात आन.’’

मी खुंटी उलटी फिरवली. आणि इथे, लाकूड ठोकणाऱ्या माणसाचा अचूक कान घेऊन बसलेल्या मला, एक साधी गोष्ट पहिल्यांदा कळली, जी दुकानातच कळायला हवी होती. ती तार तिच्या देशात ज्या सुराला ताणून लावतात, त्या ताणासाठी घडवलेली. आपण सगळे तिला आपल्या गळ्यासाठी खाली उतरवतो. काळी चारला लावताना ती एकच पायरी उतरे, ते तिला चालून जात होते. पण बाईच्या आताच्या पट्टीसाठी चार पायऱ्या खाली यावे लागत होते, आणि आधीच बारीक असलेली ती सोनेरी तार खाली येता येता ओल्या दोरीसारखी लोंबली. गज ठेवला तर सूर पकडण्याऐवजी अंग चोरू लागली. गोडवा राहिला होता, पण आजारी माणसाने पाहुण्यांसाठी हसावे तसा. मी दाब वाढवला, तिने शीळ घातली. दाब कमी केला, सूर थरथरत हवेत विरला.

चुलीपाशी भाकरी थापणे थांबले होते. बाई पीठ लागलेले हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली.

‘‘माहा गळा बी असाच लागते काय रे आता?’’

मी गज खाली ठेवला. वर चिंच सळसळली आणि एक सागाचे पान अंगणात येऊन पडले. बाईने आत जाऊन तवा चुलीवरून उतरवला. जेवताना तिने शेजाऱ्यांच्या म्हशीची, मोहाच्या येणाऱ्या हंगामाची, आमच्या कुंदाच्या गुडघ्याची चौकशी केली. शेवटी हात धुताना पाठमोरीच म्हणाली, ‘‘शालीचा रंग कोनता असन रे? हिरवी भेटली तं बरं.’’ म्हणजे नांदीचा विषय संपला होता.

सकाळी उठलो तो चिडून. सलीमभाईंवर, मधमाशीवर, विलायतेवर. बॅंडवाल्यांची साधी तार लावून पाहिली. ती डब्याच्या पत्र्यासारखी वाजली आणि माझी चीड तिच्यावर गेली. तेव्हा व्हायोलिनच्या पेटीच्या कप्प्यात, गजाला चोळायच्या राळेच्या वडीखाली, एक कागदी नळी हाताला लागली. तिच्यात एक जाड तार होती. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ती आणली होती, बाईच्या काळी चारला लावली होती, आणि ‘हे काय, तारकुंपणाची तार आहे काय?’ असे म्हणून त्याच दिवशी काढून टाकली होती. वर ताणली की ती एवढी कडक होई की वाद्याचे पोट दाबले गेल्यासारखे वाटे. सूर निघे तो खणखणीत, पण वाटाघाटीला तयार नसलेला. फेकायची राहून गेली, इतकीच तिची पुण्याई.

दुसरे काही नव्हतेच म्हणून ती लावली. तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी घोडीच्या कडेवर ती रुतू नये म्हणून खाली चामड्याचा बारीक तुकडा दिला. खुंटी हळूहळू पिळत तिला पांढरी चारच्या पंचमावर आणली, आणि गज ठेवला.

त्या सुराचे वर्णन करणे मला जमेल याची मला पूर्ण खात्री आहे, कारण मी ते गेली कित्येक वर्षे घरात येईल त्याला ऐकवत आलो आहे, आणि कुंदा त्या वेळी चहा टाकायला उठते. तो सूर चकाकत नव्हता. नुकत्याच रंध्यातून निघालेल्या सागाच्या फळीला जो एक तेलकट, उबदार उजेड असतो, तसा त्याला होता. आणि आत, खोलवर, किंचित धार. ती कानाला लागत नव्हती, पण तिच्यामुळे सूर कुठे आहे हे अंगणाच्या टोकालाही कळत होते. गजाखाली तार उभी राहत होती. मी दाब दिला तर तिने तो परत दिला. जी तार वर ताणल्यावर हटवादी वाटली होती, तिला या खालच्या जागी आपले वजन नीट ठेवायला जमीन मिळाली होती. शीळ नाही, थरथर नाही. मी गज लांबवर ओढला आणि विहिरीवर दोर सोडत असलेल्या बाईचा हात थांबला.

मी तिकडे पाहिले नाही. आमच्या घरात लाजाळू प्राण्याला जवळ आणायचे तर त्याच्याकडे पाहायचे नसते. मी नुसते व्हायोलिन मांडीवर आडवे ठेवले, आणि चिंचेचे एक इवलेसे पान, नखाएवढेही नसते ते, त्या पहिल्या तारेवर ठेवले. हा खेळ मास्तरांनी शिकवला होता.

‘‘बाई, जरा पंचम दे. मधला. नुसता गुनगुनला तरी चालते.’’

‘‘काऊन? मले फसवून राह्यला काय?’’

‘‘या पानाले इचार.’’

पोहरा तसाच कठड्यावर ठेवून ती आली, पदराने तोंड पुसले, आणि इकडे तिकडे पाहून, जणू काही चोरते आहे अशी, तोंड मिटूनच पंचम गुणगुणली. पान कापले. तिने थोडा सूर मोकळा केला. गज दूर खाटेवर पडलेला, कुणाचे बोट तारेला लागलेले नाही, आणि ती तार आपली आपण थरथरू लागली. पान टुणकन उडून बाईच्या पायाशी पडले.

बाई हसली. तिने पान उचलून परत ठेवले, आणि पुन्हा गायली, या वेळी तोंड उघडून. पान पुन्हा उडाले. आम्ही दोघे साठीच्या आणि पन्नाशीच्या घरातली माणसे सकाळभर चिंचेची पाने उडवत बसलो. मग सोनेरी तार चढवून पाहिली, तर तिच्यावर पान झोपून राहिले. बाईने ती काढायला लावली. ‘‘हे कुंदाले दे, मशीनीले लावाले,’’ ती म्हणाली. दुपारपर्यंत ती नांदीचा पहिला चरण म्हणत होती, मोडत, खाकरत, शिव्या घालत, पुन्हा म्हणत. तार पंचमाच्या जागेशी मात्र येऊन थांबे आणि म्हणे, ‘‘थे मांडवात पाहू.’’

फाल्गुनात, गावाच्या आमराईला लागून मांडव होता. बाहेर पळस असा पेटलेला की पांढऱ्या कापडाच्या कनातीतूनही त्याचा केशरी भास आत येत होता. दुपारचे ऊन, नव्या सुतळीचा वास, आंब्याच्या मोहोराचा वास, आणि पहिल्या रांगेतल्या तंबाखूचा. पहिली रांग हजर होती. थोडी विरळ झालेली, काठ्यांसहित. माझे वाद्य तयार होते, गज तयार होता, बेत तयार होता : बाई बसली रे बसली की सूर देऊन टाकायचा. आणि पेटीवर कोण, तर गुलाबराव, बाईच्या काळातले, कवळी बसवलेले, बाईला तीस वर्षे साथ केलेले. मी गज उचलला तेवढ्यात त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने मान वळवली.

‘‘बाई, सूर?’’ आणि प्रेमाने स्वतःच जोडून दिले, ‘‘काळी चार ना?’’

माझा गज हवेतच राहिला. पहिल्या रांगेतल्या माना वर झाल्या. मला वाटले, आता ही उठेल. बाईने हिरवी शाल गुडघ्यावर सारखी केली.

‘‘पांढरी चार,’’ ती खणखणीत म्हणाली. ‘‘वरच्या माळ्यावर राहवत नाई आता, गुलाबराव. गुडघे धरतेत. खाली राह्याले आलो आपन.’’

मग पहिल्या रांगेत एक म्हातारा खोकला, खोकता खोकता हसला, आणि म्हणाला, ‘‘आमी तं कवाचेच अंगनात झोपून राह्यलो, बाई!’’ सगळा मांडव हसला. गुलाबरावांनी कवळी सावरत पेटीवर पांढरी चार धरली, आणि मी, लपवायला आता काही उरलेच नसल्याने जरासा रिकामा झालेला, तिच्या मागोमाग निघालो.

बाईचा आवाज सुरुवातीला चाचपडत होता. दुसऱ्या चरणात तो बसला. मी माझ्या मनाशी जे योजून ठेवले होते, ते असे : तार पंचमाची जागा आली की मी तिच्यापेक्षा किंचित आधी, तिला कळू न देता, मोकळी तार वाजवायची, म्हणजे तिचा गळा पोहोचला नाही तरी सूर तिथे असेल आणि लोक तो तिचाच समजतील. तार मी यासाठीच तर निवडली होती. पण आता, साऱ्या गावापुढे तिने आपली पट्टी सांगून टाकल्यावर, हे करावे की नाही, हे मला कळेना. सहा-सात मात्रांत माणसाने काय काय विचार करावा! शेवटी मी ठरवले की तिच्या मागे राहायचे. ती पोहोचली तर जायचे, नाही तर नाही.

ती चढू लागली. धैवत, निषाद, मग वरचा षड्ज, तिथे जरा दम, ऋषभ, गंधार. तिच्या मानेवरची शस्त्रक्रियेची फिकट रेषा ताणली गेली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी गज तारेवर टेकवला, ओढला नाही. निदान माझ्या समजुतीप्रमाणे नाही. आणि तार पंचम लागला. मांडवाच्या कापडापर्यंत गेला, आणि तिथे उभा राहिला, उबदार, किंचित धारेचा. पहिल्या रांगेतल्या कुणी ‘वा’ म्हटले नाही. फक्त एका काठीचे टोक जमिनीवर हलके टेकले. तो सूर संपला तेव्हा मला दिसले, की माझा गज टोकापर्यंत आलेला आहे.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसली होती, मांडीवर नारळ. बाहेर मोहाखाली लोकांनी पाचोळा जाळून जमीन साफ केली होती आणि तिचा धुरकट गोड वास गाडीत येत होता. बाहेरच पाहत ती म्हणाली,

‘‘वरचा पंचम लागला ना रे?’’

‘‘लागला,’’ मी म्हणालो.

हे मी छातीठोकपणे सांगितले, आणि आजही सांगेन. तो सूर लागला, स्वच्छ लागला, पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून दाखवावा इतका बरोबर लागला. ओंडका ठोकून आतले सांगणाऱ्या माझ्या कानाची एवढी ग्वाही पुरेशी आहे. फक्त तिचा गळा कुठे संपला आणि तार कुठे सुरू झाली, की तारेने एकटीनेच तो उचलला, की तिला माझी गरजच पडली नव्हती, हे मला तेव्हाही कळले नाही आणि नंतर कितीतरी दुपारी ती नांदी डोळे मिटून आठवून पाहिली तरी कळलेले नाही. बाईने मान हलवली. तिला कळले असेल. गाणाऱ्याला आपला सूर कळतो म्हणतात. तिने नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात, ओठ मिटून, अगदी खालच्या पट्टीत काहीतरी गुणगुणू लागली.